जागल्याची खोली

नऊशे मीटर त्रिज्या, मिनिटाला एक फेरा,
म्हणजे पाय जमिनीला धरून राहतील.
हे गणित कधीच सुटलंय.
दहा हजार माणसं, त्यांच्या नातवंडांची नातवंडं,
आणि माझ्या वाट्याला आलंय फक्त पाणी.

देवपुरात भाड्याची खोली, वर पत्रा.
रात्रीचे दोन वाजले तरी पत्रा निवत नाही.
तिथेही हीच अडचण:
ऊन आत येतं, आणि ते वाहून न्यायला वारा नसतो.
म्हणून चाकाला पत्र्याचे लांब पंख काढलेत मी,
पोकळीकडे उघडे.
सांडवाच तो, उकाड्याचा.

पाण्याला मात्र सांडवा द्यायचा नाही.
एक थेंब बाहेर गेला तर गेलाच,
खाली कुठलं गाव नाही त्याला अडवायला.

रविवारी साक्रीच्या बसने गेले, नकाशा गुंडाळून.
धुडकू आबा पांझरेच्या बंधाऱ्यावर बसलेले.
चाळीस वर्षं पाटकरी, फडातला एकेक वाफा
त्यांच्या तळपायाला ठाऊक.
मांडीवर कागद पसरला तो आधी उलटाच धरला,
आणि खरं सांगायचं तर
त्या चाकाला उलटंसुलटं नाहीच.

"पानी कथाईन येई?"
श्वासातून, म्हटलं. घामातून. मुतातून.
थंड पत्र्यावर धरायचं, गाळायचं, पुन्हा पाटात.
वाटलं, नाक मुरडतील.
त्यांनी विडी दगडावर विझवली.
"म्हंजे समदा एकमेकसनं उष्टं पितीन."
जरा थांबून,
"चांगलं शे. भांडनं कमी व्हतीन."

माणूस मेला तर, हे त्यांनी विचारलं नव्हतं.
मीच सांगत सुटले:
चिता नाही, आगीला हवा परवडत नाही,
एका देहात चाळीसेक लिटर,
तेही मोजून पाटात परत.
आबा डोहाकडे बघत राहिले,
जिथे तीन वर्षांपूर्वी सुपडाबाईंची राख सोडली होती.
मग डोहातून निघालेल्या पाटाकडे.
मग, बराच वेळ, गव्हाकडे.

"शेवटला वाफाले कव्हय भेटी?"

मी हसले. आबा, पाट गोल आहे,
गोलाला शेपूट नसतं,
तोंडाशी कोणी नाही, शेवटाला कोणी नाही.
त्यांनी बोट टेकवलं, जिथे पंप काढला होता,
आणि मातीने भरलेलं ते नख
फिरवत, फिरवत,
शाळा, दवाखाना, भाजीचे मजले ओलांडून
अख्खं चाक पालथं घालून
पंपाच्याच पाठीशी आणून ठेवलं.
"हाऊ शेवट."

तिथे सेक्टर अकरा आहे. सदुसष्ट घरं.
चौथ्या पिढीत कधीतरी एखादी बाई
नळाखाली बादली धरून उभी राहील
आणि नियंत्रण कक्षात सगळे दिवे हिरवे असतील.

उठता उठता, धोतर झटकत, आबा म्हणाले,
"आनि जागल्या कोठे बठी?"
सेन्सर आहेत, असं ओठांवर आलं होतं.
मी नकाशा गुंडाळला.
रबरबँड दोनदा सटकला.

आज पहाटे उलटं काढायला घेतलंय:
आधी शेवटचा वाफा, मग त्याच्या मागचा,
मग त्याच्या मागचा.
पंप कुठे बसेल ते अजून माहीत नाही.
सेक्टर अकरात मात्र सहा बाय आठची एक खोली,
एक बाक,
पाटावर उघडणारी खिडकी.
वजन दोनशे दहा किलो.
बैठकीत विचारतील, ही कशाला.
इथे किलोकिलोचा हिशेब चालतो,
आणि उपयोगाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

मी लिहिलंय: रात्रपाळी.

तिथे रात्र कधी पाडायची
हेही अजून ठरायचंय.